पायमोडका त

मे महिन्यात आमच्या परभणीत लाईन जायला मुहूर्त लागत नाही. त्या रात्री ती सातव्यांदा गेली आणि मी मेणबत्ती लावून अर्ज लिहायला बसलो. विषय : 'विद्युत पुरवठा वारंवार खंडित होत असल्याबाबत.'

"काय लिहायलात?" बायकोने विचारलं. वाचून दाखवलं. "लाईन सारखी जायली-यायली, असं लिहा की सरळ!"

पण अर्जात लाईन शोभत नाही. आमच्याकडे आभाळातून पडते ती वीज, तारेतून येते ती लाईन आणि कागदावर उतरते ती विद्युत. शेतात मोटार लावायला गेलेला माणूस 'विद्युत आली!' असं ओरडला, तर त्याला शॉक बसलाय समजून लोक लाकडी दांडा घेऊन धावतील.

तेवढ्यात शेजारचे गुरुजी वारा घ्यायला ओट्यावर आले. आयुष्यभर संस्कृत शिकवलेलं. "मुळात विद्युत्. त पायमोडका!" ते म्हणाले. "शेजारी कोण येतं, त्यावर त्याचं रूप ठरतं. लता आली की विद्युल्लता, दाहिनी आली की विद्युद्दाहिनी, चुंबक आलं की विद्युच्चुंबक."

इतके चढउतार आमच्या व्होल्टेजलाही जमलेले नाहीत. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी अशा शब्दांचे मोडके पाय जोडून दिले, हे मी सांगून पाहिलं. येलदरीच्या २२.५ मेगावॅटच्या जलविद्युत केंद्राचाही दाखला दिला. तिथे तर पाण्याने विद्युतला मागेच ढकललंय. गुरुजी बधले नाहीत. "पुरवठा निदान जोडून लिहा. समास आहे तो!"

मग त्यांनी इंग्रजीतल्या इलेक्ट्रोचं कूळ काढलं. ग्रीक इलेक्ट्रॉन म्हणजे अंबर, घासलं की काडीकचरा ओढणारा राळेचा खडा. संस्कृतात तो तृणमणी, फारसीत कहरुबा, म्हणजे गवत पळवणारा. अरबीत विजेला आजही त्यावरूनच कहरबा म्हणतात. इतरांनी तिचं नाव गवत ओढण्यावरून ठेवलं. आमच्याकडे ती बोअरचं पाणीसुद्धा ओढत नाही.

"आणि विद्युत् म्हणजे?"

"द्युत् म्हणजे चमकणे. विद्युत्, लखकन चमकणारी."

एवढ्यात लाईन आली, आमचे तिघांचे चेहरे दिसले आणि लाईन गेली. संस्कृत किती काटेकोर भाषा आहे, ते मला त्या रात्री पटलं.

सकाळी 'विद्युत्पुरवठा' असा जोडून लिहिलेला अर्ज घेऊन गेलो. कारकुनाने तो न वाचता घडी घातली आणि वर लाल पेनने लिहिलं : 'लाईनची तक्रार.'