माणूस पलटणीत गेल्यास काय करावे?
(नवशिक्या मालकांसाठी सोपी मार्गदर्शिका, इस्रायल आवृत्ती)

ही पुस्तिका तेल अवीव किंवा हैफा येथे नुकतीच पंधरा-वीस माणसांची कंपनी काढलेल्या उत्साही मालकासाठी आहे. ‘आम्ही फक्त सॉफ्टवेअर बनवतो, लष्कराशी आमचा काय संबंध?’ असे ज्याला वाटत असेल, त्याने पहिला पाठ दोनदा वाचावा.

पाठ १ : माणूस कोणाचा?

सक्तीची लष्करी सेवा उरकून तरुण आपल्याकडे नोकरीला लागतो. तो आता आपला झाला, असे आपण धरून चालतो. लष्कराच्या मते तो आपल्याकडे नुसता ठेवायला दिलेला असतो. राखीव सेवेला तिथे मिलुइम म्हणतात. २००८ च्या कायद्याप्रमाणे साध्या सैनिकाला तीन वर्षांत मिळून साधारण ५४ दिवस बोलावता येते. हा आकडा पाठ करावा आणि लगेच विसरावा, कारण आणीबाणीत तो लागू नसतो. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यानंतर काही दिवसांत तीन लाखांच्या आसपास राखीव सैनिकांना आणीबाणीचा ‘आदेश आठ’ गेला. पुढे अनेकांचे शंभर-दोनशे दिवस पलटणीतच गेले. चाळिशीला साधा सैनिक सुटायचा; २०२४ मध्ये ती मर्यादाही तात्पुरती वर्षभराने वाढवली. तेव्हा कर्मचाऱ्याचा चाळिसावा वाढदिवस साजरा करताना केक बेताचाच आणावा.

(आदेश घर पाहून येत नाही. अश्दोद, लोद, दिमोना इथल्या, कोकणातून गेलेल्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरांत आजी अजून अलिबागकडची मराठी बोलते, आणि नातवाच्या फोनवर तोच आदेश येतो.)

पाठ २ : पगार

हा पाठ सोपा आहे. माणूस सीमेवर असताना पगार आपण चालू ठेवावा, मग राष्ट्रीय विमा संस्थेकडे अर्ज करून ठरलेली भरपाई मागावी. संस्था पैसे देते. त्याच्या टेबलावर अर्धवट राहिलेले काम मात्र ती पुरे करून देत नाही. त्याला काढून टाकण्याचा विचार मनात आला तर थंड पाणी प्यावे. सेवेत असताना आणि परतल्यावर निदान ३० दिवस त्याला संरक्षण खात्याच्या परवानगीशिवाय काढता येत नाही.

आपण स्वतःच राखीव सैनिक असल्यास आणि दुकान एकट्याचे असल्यास हा पाठ सोडून द्यावा. शटर ओढावे.

पाठ ३ : बदली माणूस

इथे बहुतेक शिकाऊ नापास होतात. हजेरीपटावर एक नाव कमी झाले की एक नाव वाढवावे, असा सरळ हिशेब ते मांडतात. पण गेलेला माणूस एकटाच असा असतो, की ज्याला जुन्या ग्राहकाची प्रणाली दर महिनाअखेरीस का कोलमडते हे ठाऊक असते. हे कुठे लिहून ठेवलेले नसते. तो रात्री दोन वाजता छावणीतून मेसेजवर सांगेल, या आशेवर राहू नये. सांगितलेच तर लाज वाटून घ्यावी.

फार तक्रारही करता येत नाही, ही खरी पंचाईत. देशाच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा साधारण पाचवा हिस्सा आणि निर्यातीचा निम्मा भाग उच्च तंत्रज्ञानातून येतो, आणि या धंद्यातले कितीतरी लोक लष्कराच्या ८२०० या गुप्तवार्ता तुकडीत घडले. चेक पॉइंट या सायबर सुरक्षा कंपनीचे एक संस्थापक गिल श्वेद हे त्यांतलेच. म्हणजे लष्कर आपले कसबी लोक नेते असे ओरडायला जावे, तर ते शांतपणे विचारणार, शिकवले कोणी?

पाठ ४ : इमारत बांधत असाल तर

सैनिक गेले आणि त्याच सुमारास पॅलेस्टिनी मजुरांचे परवानेही थांबले. सुमारे दीड लाख माणसे होती ती, निम्म्याहून अधिक बांधकामावरची. त्यांच्या घरची चूल कशी पेटते हे या पुस्तिकेत नाही. मालकांच्या पुस्तिकांत ते सहसा नसतेच. उपाय म्हणून भारताकडे पाहिले गेले. २०२४ च्या जानेवारीत रोहतक आणि लखनऊला सेंट्रिंग, सळया वाकवणे, लादी आणि गिलावा अशा कामांच्या चाचण्या झाल्या, रांगा लागल्या. शिकाऊ मालकाने एवढेच लक्षात ठेवावे, की लादी बसवणाऱ्याला सेंट्रिंगवर चढवू नये. दोघे ‘मजूर’ याच रकान्यात येतात म्हणून तसे करणारे मालक जगभर आहेत.

पाठ ५ : शंकासमाधान

शंका : तीच माणसे पुन्हा पुन्हा का जातात?
उत्तर : कारण बोलावता येतील अशी तेवढीच आहेत. येशिवांत धर्मग्रंथ शिकणाऱ्या हरेदी (कट्टर धर्मनिष्ठ ज्यू) तरुणांना १९४८ पासून लष्करी सेवेतून सवलत मिळत आली. तेव्हा ते चारशेच्या घरात होते. जून २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या सवलतीला कायद्याचा आधार उरला नाही असे सांगितले, तेव्हा संख्या साठ हजारांवर गेली होती. निकाल लागला म्हणून पलटणी भरल्या, असे समजू नये.

शंका : मुलाखतीत ‘तुम्ही राखीव दलात आहात का’ असे विचारावे का?
उत्तर : नाही. राखीव सेवेवरून भेदभाव करायला कायद्याची बंदी आहे. शिवाय विचारायची गरजही नाही, तुकडीचे नाव उमेदवार स्वतःच अर्जात अभिमानाने लिहितो. ते वाचून आपण मनातल्या मनात त्याच्या गैरहजेरीचे दिवस मोजू लागाल. मोजावेत, बोटांवर मात्र नको, तो समोरच बसलेला असतो.