फ्राय करून घेऊया

"माणसाला वाऱ्यावर सोडतात हे ऐकलं होतं," आई म्हणाली, "पण बटाटा वाऱ्यावर तळतात होय रे?"

तिच्या हातात एअर फ्रायरची पुस्तिका होती. ती इंग्रजीतून मराठीत मीच आणलेली. 'गरम हवेत तळा' हे वाक्य बारा पानांत एकोणीस वेळा आलं होतं आणि एकोणिसाव्या वेळीही मला काही खटकलं नव्हतं. इंग्रजी आपण कोळून प्यायलोय, अशी माझी गेली तीस वर्षं समजूत आहे. व्हिजिटिंग कार्डावर नावाखाली 'भाषातज्ज्ञ' घालून घेतलंय. छापणाऱ्याने त्यातला एक ज खाल्ला. पण पाचशे कार्डं फुकट कशी घालवायची, म्हणून तशीच वाटतो.

"अगं, ती छोटी भट्टीच असते. आत पंखा असतो, तो गरम हवा फिरवतो. दोनशे अंशांपर्यंत तापते हवा."

"म्हणजे भाजतात."

"तसंच काहीसं."

"मग 'भाजा' लिही की."

लिहिलं नाही, कारण मुळात 'फ्राय' होतं, आणि फ्राय म्हणजे तळणे हे मला शाळेपासून पाठ आहे. याच पाठांतराने पूर्वी एकदा माझा घात केला होता.

अनुवादाच्या धंद्यात नवा होतो. मत्स्यशेतीवरचं एक माहितीपत्रक आलं, त्यात जागोजागी 'फिश फ्राय'. तोंडाचं पाणी आवरत मी लिहिलं, 'पावसाळ्याच्या सुरुवातीला तळ्यात निरोगी तळलेले मासे सोडावेत.' तळ्यात तळलेले! या अनुप्रासावर तर मी जाम खूश होतो. पुढे होतं की, सोडण्यापूर्वी तळलेल्या माशांची पिशवी थोडा वेळ पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे त्यांना नव्या पाण्याची सवय होते. तिथेही शंका आली नाही. तळलेल्या माशाला आता कसली सवय व्हायची राहिलीय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. तो पडला पत्रक तपासणाऱ्या गृहस्थांना. त्यांनी फोन करून फार नम्रपणे विचारलं, "साहेब, तळून सोडायचे, की सोडून तळायचे?"

तेव्हा कळलं की इंग्रजीत 'फ्राय' दोन आहेत. एक फ्रेंचमधून आलेला कढईतला, दुसरा माशांच्या इवल्याशा पिल्लांचा. दोघांचं काही नातं नाही. पुढेमागे कढईत गाठ पडली तर तेवढीच. मराठीत मासे वाढवणारे लोक मत्स्यजिरे म्हणतात, मत्स्यबीज म्हणतात, बोटुकली म्हणतात. जिऱ्याएवढं ते जिरे, बोटाएवढी ती बोटुकली. हे शब्द ज्याने घडवले त्याने कार्डं छापून घेतली नसणार.

माझ्या बचावाला एवढंच म्हणता येईल की हा शब्दच मोठा लबाड आहे. दाल फ्रायमध्ये डाळ कोणीही तळत नाही. शिजवतात आणि वर फोडणी ओततात. हाफ फ्रायमधलं अंडं पुरतं तेलात असतं, फक्त उलटायचं राहिलेलं असतं. मालवणी खाणावळीत तर फ्राय ही क्रियाच उरलेली नाही, ती वस्तू झालीय. "थाळीत एक फ्राय येते, एक्स्ट्रा फ्रायचे वेगळे." मी एकदा बाणेदारपणे 'तळलेली तुकडी' मागितली. वेटरने माझ्याकडे नीट पाहिलं आणि आत ओरडला, "एक सुरमई फ्राय!" माझ्या धंद्यात सगळ्यात जलद झालेला अनुवाद तो.

इथवर मी हसून घेतो. पण मोबाइलवरच्या पाककृती लागल्या की माझं डोकं फिरतं. "आता आपण कांदा ॲड करून घेऊया, छान फ्राय करून घेऊया, मसाला मिक्स करून घेऊया." कोणाकडून करून घेताय, बाई? कांदा फ्राय, रवा फ्राय, पापडही फ्रायच. आमच्या घरात या क्रिया हत्यारावरून ओळखू यायच्या. परतायला उलथनं, तळायला झारा, फोडणीला पळी, पापड भाजायला चिमटा आणि तो सापडला नाही तर बोटं. आई 'झारा दे' म्हणाली की आज सण आहे हे अभ्यासाच्या खोलीत कळायचं.

आणि परतणे! या शब्दावर मी आलो की घरचे एकेक करून उठून जातात, पण सांगतोच. १९४५ साली अमेरिकेत बुवेई यांग चाओ या चिनी डॉक्टरबाईंचं पाककृतींचं पुस्तक आलं. चिनी 'छाओ' म्हणजे थोड्या तेलात, मोठ्या आचेवर, सतत हलवत करायची क्रिया. इंग्रजीत तिला नेमका शब्द नव्हता. बाईंचे यजमान युएन रेन चाओ नावाजलेले भाषाशास्त्रज्ञ. मजकूर इंग्रजीत आणायला ते आणि मुलगी बसले, आणि त्या घरातून 'स्टर-फ्राय' हा शब्द बाहेर पडला. जगभर गेला. आमच्याकडे विचारलं असतं तर 'परतणे' तयारच होतं, तेही फुकट. अर्थात त्या घरातल्या भाषाशास्त्रज्ञाने निदान शब्द तरी दिला. आमच्या घरातल्याने काय दिलं, हे आईने विचारलं नाही, हा तिचा मोठेपणा.

मराठी कशी काटेकोर, हे पटवायला मग मी कोश काढून बसलो आणि तिथेच आपटलो. कारण आपलं भाजणे! दाणे कोरडे भाजायचे, बेसन तुपात भाजायचं, वांगं जाळावर भाजायचं आणि हात कशानेही भाजतो. 'फ्राय'हून हे काय वेगळं? त्यात 'फ्राय'चा लॅटिन पूर्वज 'फ्रिगेरे' आणि आपल्या भाजण्याचा संस्कृत पूर्वज 'भ्रस्ज्' यांना व्युत्पत्तीवाले एकाच कुळात बसवतात. पाणिनीय धातुपाठात भ्रस्जचा अर्थ नुसता 'पाक' असा दिलाय. शिजवा कसंही, आम्हाला विचारू नका. म्हणजे फ्रायला 'भाजा' लिही म्हणणारी आई सख्ख्या भावकीतला शब्द सुचवत होती. मी तिला तसं सांगितलं.

"मग बदल ते पुस्तक."

"छापून झालं गं."

आई आता ओट्याशी उभी राहत नाही. गेल्या पावसाळ्यात पडली, खुबा मोडला. तेव्हापासून ती बाहेर खुर्चीत असते आणि स्वयंपाक माझ्याकडे आलाय. पण तिला दिसावं लागत नाही. कढईत भजी सोडली की बाहेरून सूचना येतात. "अजून कडकडतायत, थांब." पिठातलं पाणी वाफ होऊन तेलातून सुटत असतं, तोवर तो आवाज, आवाज बसला की, "हं, काढ." एकदा पोह्यांना कांदा टाकला तर बाहेरून आलं, "तळतोयस तू. तेल किती घातलंस?" मी डोकावून पाहिलं. ती भिंतीकडे बघत होती आणि खुर्चीच्या हातावर तिचं मनगट बारीक फिरत होतं, हातात उलथनं असल्यासारखं. मी आत आलो आणि काही न बोलता आच कमी केली.

काल पुन्हा पोहे. मोहरी तडतडली, कांदा पडला, आणि मी परतणे या शब्दाला धातू कोणता याचा विचार करत उभा राहिलो. बाहेरून आवाज आला, "परत!"

मी पाहिलं. कांद्याच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. तिला वासही आला असणार. निमूटपणे कढई रिकामी केली आणि दुसरा कांदा चिरायला घेतला.

"शांत का रे कढई?"

"तूच म्हणालीस ना, परत कर म्हणून."

"अरे गाढवा," आई म्हणाली, "कांदा परत, म्हटलं मी!"