एका निरोपासाठी अख्खं गणगोत

लिनक्स सर्व्हरवर दूरवरून कोणाला आत घ्यायचं, हे एसएसएचडी ठरवतो. फाइली कॉम्प्रेस करणाऱ्या लिबएलझेडएमए या लायब्ररीशी त्याचं काहीही काम नाही. तरीही डेबियन, फेडोरासारख्या वितरणांत तो सुरू झाला की ही लायब्ररी त्याच्या मेमरीत येऊन बसायची.

का? ‘मी तयार आहे’ हा निरोप सर्व्हरवरच्या सेवा सुरू करणाऱ्या सिस्टमडीला जावा म्हणून या वितरणांनी एसएसएचडीला लिबसिस्टमडी ही लायब्ररी जोडली होती. तिला सिस्टमडीच्या जर्नलमधल्या कॉम्प्रेस केलेल्या नोंदींसाठी लिबएलझेडएमए लागायची. खरं तर तो निरोप म्हणजे एका सॉकेटवर लिहायचा छोटासा मजकूर, सी भाषेत मोजक्या ओळींचं काम. त्यासाठी अख्खं गणगोत घरात घेतलं!

‘जिया टान’ या नावामागे लपलेल्या कुणीतरी, लिबएलझेडएमए ज्यातून येते त्या एक्सझेड प्रकल्पात विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेवला. लायब्ररी लोड होतानाच, एसएसएचडीचं ‘मेन’ सुरू होण्याच्याही आधी, त्याचा कोड चालायचा. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा आंद्रेस फ्रॉइंड यांनी चिवटपणे छडा लावला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळ्यांना सावध केलं. त्यांचे उपकार मोठे आहेत.

त्यानंतर फुकट राबणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल बरंच बोललं गेलं, आणि ते बोलायलाच हवं होतं. पण ती लायब्ररी तिथे लोड का होत होती, हा प्रश्न मला तितकाच मोठा वाटतो.

लायब्ररी सुरुवातीलाच लोड न करण्याची सोय आहे. त्यासाठीचं डीएलओपन नावाचं फंक्शन जुनं आहे. चालू प्रोग्रॅम गरज पडेल तेव्हा नाव देऊन लायब्ररी मागवतो, डीएलसिमने हव्या त्या फंक्शनचा पत्ता घेतो. लायब्ररी सापडली नाही, तर तेवढी सोय सोडून पुढे चालू शकतो. सिस्टमडीच्या मंडळींनी कॉम्प्रेशनच्या लायब्ररी अशाच मागवण्याचा बदल चोरदरवाजा उघडकीला येण्याआधीच मूळ कोडमध्ये घेतला होता. तो वितरणांत पोचलेला असता, तर नुसता निरोप देणाऱ्या एसएसएचडीत लिबसिस्टमडीमार्फत लिबएलझेडएमए आलीच नसती.

अर्थात, डीएलओपनने आणलेला कोड काही कुंपणात राहत नाही. प्रोग्रॅमचे सगळे अधिकार त्यालाही मिळतात. शिवाय प्रोग्रॅमला जोडलेल्या लायब्ररी दाखवणाऱ्या एलडीडी या कमांडच्या यादीत अशा लायब्ररीचं नाव दिसत नाही, त्यामुळे पॅकेज बांधणारा गाफील राहू शकतो. त्यावर सिस्टमडीने अशी नावं बायनरीतच नोंदवायची पद्धत आणली. डीएलओपन वापरणाऱ्या प्रत्येकाने ती उचलावी.

एसएसएचडी ज्याचा भाग आहे त्या ओपनएसएसएचने जुलै २०२४ च्या ९.८ आवृत्तीत तो निरोप लिबसिस्टमडीशिवाय, स्वतःच्या कोडने पाठवायला सुरुवात केली. आता तुमच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रॅमांवर एलडीडी चालवा आणि प्रत्येक नावापुढे ते कशासाठी लागतं, ते लिहा. ज्याच्यापुढे काही लिहिता येणार नाही, ते पुढच्या बिल्डमध्ये काढून टाका.