वहिनींच्या माहेरचे पंखे

सिडकोत नळाला पाणी येण्याचा दिवस हा गप्पांचाही दिवस. टाकी भरेपर्यंत मोटारीपासून हलता येत नाही, मग कंपाउंडच्या भिंतीला टेकून बोलणं आलंच. शेजारच्या वहिनी नुकत्याच माहेरी, बीड जिल्ह्यात पाटोद्याकडं, जाऊन आल्या होत्या. "काय म्हणतंय माहेर?" मी विचारलं. मला वाटलं, कुणाच्या लग्नाचं काही निघेल.

"माहेर कुठलं, ताई! नुसते पवनचक्कीचे पंखे झालेत. रात्री अंगणात बाज टाकली तर चांदण्या कमी अन् लाल दिवे जास्त."

"इतके मोठे असतात?"

"दौलताबादचा चांदमिनार बघितलाय ना? एकेक पातं तेवढं."

मी हसले. पण पलीकडच्या घरातले अप्पा झाडांना पाणी घालता घालता थांबले. वीज मंडळात नोकरी झाली त्यांची, विजेचा विषय निघाला की त्यांना राहवत नाही. "वहिनी वाढवून सांगत नाहीत. चांदमिनार ६३ मीटरच्या आसपास. हल्लीच्या दोन-तीन मेगावॅटच्या चक्कीचं पातं ६० ते ७० मीटर असतं, अन् खांब १४० मीटरपर्यंत."

"तेच तर! ते पातं गावात आणायचं कसं?" वहिनी तापल्या. "थोरल्या भावाचा बांध फोडला, रस्ता केला. काम झालं की होतं तसं करून देऊ म्हणाले. काळ्या रानात मुरूम टाकून रोलर फिरवलाय. आता तिथं ज्वारी उगवती का?"

पण वहिनींचा खरा राग रस्त्यावर नव्हता, भावावर होता. म्हणजे जमिनीच्या दरावर. कंपनीचा एजंट घरोघरी बसून गेला आणि प्रत्येकाला दारात हळूच सांगून गेला, तुम्हालाच जास्त दिलेत, कुणाला बोलू नका. पुरुषमंडळींनी महिनोन् महिने तोंडं शिवून ठेवली. मग संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. एका घरी दहा बायका जमल्या, वाण लुटता लुटता आकडे निघाले. शेजारच्या चुलतभावाला वहिनींच्या भावापेक्षा दुप्पट मिळाले होते, बांध तोच, माती तीच. तेव्हापासून दोन्ही घरांचं बोलणं बंद आहे.

"पैसे आले हे खोटं नाही," वहिनी म्हणाल्या. "सोसायटीचं कर्ज फिटलं. पुतण्याला वॉचमनची नोकरी लागली. पण गावात भीती बसलीय, ताई. मस्साजोगचं झाल्यापासून कुणी मोठ्यानं बोलत नाही."

यावर आम्ही तिघंही क्षणभर गप्प झालो. बीडच्याच केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबर २०२४ ला खून झाला. पवन ऊर्जा कंपनीकडे दोन कोटींची खंडणी मागितल्याच्या आरोपाशी ते प्रकरण जोडलं गेलं. कोण दोषी ते कोर्ट ठरवील. पण ज्या जिल्ह्यात पंखा उभा करण्यावरून एवढं होतं, तिथल्या बाईनं 'आवाज फार येतो' अशी तक्रार घेऊन जायचं तरी कुणाकडं?

आवाज मात्र येतोच म्हणे. दिवसा कळत नाही, रात्री कुत्री झोपली की सूंऽऽप, सूंऽऽप. आणि सकाळी उन्हं तिरपी असली की पात्यांची सावली स्वयंपाकघरातून फिरते. चुलीपुढं उजेड-अंधार, उजेड-अंधार. म्हैस पान्हा चोरते, असं वहिनींची आई सांगते.

"केंद्राची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत," अप्पा म्हणाले. "राहत्या घरापासून ५०० मीटरच्या आत चक्की नको."

"आखाड्यावरचं घर धरतात का त्यात? ग्रामपंचायतीत नोंद नाही त्याची."

अप्पांनी पाइप दुसऱ्या कुंडीत टाकला. उत्तर नव्हतं. तत्त्वं म्हणजे कायदा नव्हे, एवढं ते पुटपुटले.

"आमचे बाबा तर म्हणायलेत, पंखे ढग पळवायलेत."

आता अप्पांना हुरूप आला. सातारा-सांगलीकडंही दुष्काळात हीच बोलवा उठली होती, ते म्हणाले. पात्याचं टोक वर जाऊन जाऊन २००-२१० मीटरवर, पावसाचा ढग त्याच्या कितीतरी वर. पाऊस येतो समुद्रावरून. चक्कीमागची हवा घुसळते, जमिनीलगत रात्री थोडा उबारा राहतो, एवढंच. "आणि बाबांना विचारा, बहात्तरच्या दुष्काळात बीड जिल्ह्यात कोणते पंखे होते?"

वहिनी ऐकून घेतल्यासारखं करत म्हणाल्या, "विचारलं मी. बाबा म्हणाले, ढगातलं आम्हाला कळत नाही म्हणता, तर करारातलं तरी कुणी समजावलं?"

म्हाताऱ्याला हवामान कळत नसेल, व्यवहार कळतो.

ढग नाही, पण पक्षी मात्र पळतात, असं पेपरात वाचलेलं मला आठवलं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या पठारावर शास्त्रज्ञांनी पाहणी केली, २०१८ मध्ये ती प्रसिद्ध झाली. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळजवळ पाव हिश्श्यानंच आणि खाणारे कमी म्हणून सरडे तिप्पट.

"सरडे वाढलेत हे खरं आहे," वहिनी म्हणाल्या. "आमच्याकडं दोन पायांचे. रोज नवी गाडी घेऊन येतात."

अप्पा एवढे हसले की पाइप माझ्या तुळशीवर आला.

"अन् हसता काय? डोक्यावर पंखा फिरतो, तरी शेतपंपाची लाईट रात्रीच्या पाळीला. दादा बॅटरी घेऊन विंचवाकाट्यात पाणी द्यायला जातो."

ती वीज गावात उतरतच नाही, उपकेंद्रातून सरळ जाळ्यात जाते, हे अप्पांनी सांगितलं. शिवाय पंख्याला नाही म्हणणाऱ्याच्याही रानात तारेचा खांब येऊ शकतो. २००३ च्या वीज कायद्यानं सरकार तसे अधिकार देऊ शकतं आणि ते अधिकार मूळचे १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यातले. मोबदल्याचं पटलं नाही तर जिल्हा न्यायाधीशाकडं जायचं. इंग्रज गेले, तारखातं बंद झालं, कलम मात्र शेतात उभं आहे. हे माझं मत, अप्पांचं नव्हे.

मग वहिनींनी मोबाइल काढला. धाकट्या भावानं त्याच्या रानासाठी आलेल्या कराराचे फोटो पाठवले होते, सगळे इंग्रजीत. अप्पांनी चष्मा घातला, पानं बोटानं मोठी केली. मुदत २९ वर्षं ११ महिने. भाडं अमुक. रस्त्याचा हक्क कंपनीला. पुन्हा पहिल्या पानावर गेले, पुन्हा शेवटच्या.

"काय शोधताय?" मी विचारलं.

"मुदत संपल्यावर खांब कोण उतरवणार आणि खालचा काँक्रीटचा पाया कोण काढणार, ते कुठं लिहिलेलं नाही."

माझी टाकी भरून वाहत होती. वहिनींनी तेवढ्यात फोन लावला होता.

"बापू, उद्या सही करायची नाही. आधी त्यांना त्या सिमेंटचं विचार. अन् मराठीत लिहून माग... नाही, तोंडी नाही चालणार. अन् ऐक, चुलतभावाकडं जा, तोही कागद आणू दे. बोलत नसलास तर आता बोल."