जुने टेनिस सामने पाहण्याची धरमपेठी पद्धत

जुने टेनिस सामने पाहणे हा बसून करण्याचा क्रीडाप्रकार असून त्यात हातापायांपेक्षा जीभ अधिक चालते. नागपुरात, त्यातही धरमपेठेत, त्याचा हंगाम एप्रिलमध्ये सुरू होतो. पारा पंचेचाळिशीकडे सरकला, लक्ष्मीभुवन चौकात दुपारी कुत्रेही दिसेनासे झाले आणि कूलरमध्ये पाणी भरण्यावरून घरात रोजचा वाद सुरू झाला, की जेवण झालेला माणूस बोर्ग, लेव्हर नाहीतर ख्रिस एव्हर्ट यांच्याकडे वळतो. साहित्य थोडेच लागते: भिंतीवरचा टीव्ही, परगावी असलेल्या मुलाने दिवाळीत येऊन जोडून दिलेले इंटरनेट, आणि जिच्यावर दुसऱ्या कुणी बसायचे नाही अशी एक खुर्ची.

प्रेक्षक साधारणतः निवृत्त आणि गुडघ्याला पट्टा बांधलेला असतो. तरुणपणी तो रामनगरच्या कोर्टावर खेळलेला असतो. किती बरा खेळत होता याचे साक्षीदार आता उरलेले नाहीत, आणि ही परिस्थिती त्याला फार सोयीची पडते. या टिपणासाठी एकच नमुना तपासता आला. तो लेखकाच्याच घरी, वर सांगितलेल्या खुर्चीत, कधीही उपलब्ध होता.

या पद्धतीचा पाया म्हणजे निकाल आधीच ठाऊक असणे. ताज्या सामन्यात प्रेक्षकाचे हसे होण्याचा धोका फार. त्याने ‘संपला हा गडी’ म्हणावे आणि त्याच गड्याने पुढचे तिन्ही सेट घ्यावेत, असे नेहमी घडते. जुन्या सामन्यात ती भीती नाही. 1975 ची विम्बल्डनची फायनल लागली की प्रेक्षक पाहुण्याला बजावतो, ‘लिहून घ्या, अॅश घेतो ही मॅच.’ त्या दिवशी सारे जग कॉनर्सच जिंकणार असे धरून होते. तो गतविजेता होता आणि अॅशपेक्षा नऊ वर्षांनी लहान. पण अॅशने त्याला वेग दिलाच नाही. हळू, खाली राहणारे चेंडू टाकून त्याने कॉनर्सला स्वतःच्याच ताकदीवर अडखळायला लावले आणि 6–1, 6–1, 5–7, 6–4 असा सामना घेतला. पाहुणा थक्क होतो. प्रेक्षक मान किंचित झुकवून श्रेय स्वीकारतो. पाहुण्याला टेनिस जितके कमी कळत असेल तितका हा प्रयोग रंगतो. कळणारा पाहुणा सहसा दुसऱ्यांदा बोलावला जात नाही.

नित्यपाठाचा सामना मात्र 1980 च्या विम्बल्डन फायनलचा. बोर्ग आणि मॅकेन्रो, चौथा सेट, टायब्रेक. मॅकेन्रो सर्व्हिसला उभा राहतो तो जवळजवळ पाठ दाखवून, दोन्ही पावले बेसलाइनला समांतर. अंग मागेपुढे झुलते आणि मग एकदम उलगडते. पलीकडे बोर्गच्या चेहऱ्यावर काहीच घडत नाही. बोर्गचे पाच मॅच पॉइंट जातात, मॅकेन्रोचे सेट पॉइंट जातात, आणि बावीस मिनिटांनी टायब्रेक 18–16 असा मॅकेन्रो घेतो. पाचवा सेट 8–6 घेऊन बोर्ग गुडघ्यांवर कोसळतो. या ठिकाणी घरात पुढील संवाद ठरलेला आहे:

‘काय पाहून राहिले?’

‘फायनल.’

‘मग काल काय पाहिली?’

‘हीच.’

‘आज तरी दुसरा जिंकला का?’

प्रेक्षकाला ही फायनल त्याच दिवशी, जिवंत पाहिल्याचे स्वच्छ आठवते. वास्तविक टीव्ही देशात गावोगाव पसरला तो 1982 च्या एशियाडच्या निमित्ताने. 1980 ची फायनल धरमपेठेने पाहिली नाही, ‘हितवाद’मध्ये वाचली. पण एखादी चित्रफीत पुरेशा वेळा पाहिली की आठवण मागे सरकत सरकत योग्य तारखेला जाऊन बसते. आपण आधीपासूनच बोर्गचे, हेही त्याच रीतीने ठरते. मुंबईत साहित्य सहवास वसाहतीत त्या काळी कवी रमेश तेंडुलकरांचा धाकटा मुलगा मॅकेन्रोच्या बाजूने होता, डोक्याला पट्टा बांधून हिंडत होता. निकाल ठाऊक नसताना बाजू घेण्याचे धाडस सचिनने तेव्हाच केले होते. धरमपेठी प्रेक्षकाने ते कधीच केलेले नाही.

चित्रफितींचे प्रकार कालानुक्रमे पाहता येतात. मूकपटाच्या काळातल्या फिती कमी वेगाने चित्रित होऊन जास्त वेगाने दाखवल्या गेल्यामुळे सुझान लाँग्लान कोर्टभर तुरुतुरु पळते. तिची ती प्रसिद्ध उडी मात्र या घाईतही डौल सोडत नाही. बीबीसीने विम्बल्डन टीव्हीवर प्रथम दाखवले ते 1937 मध्ये, रंगीत दाखवले ते 1967 मध्ये. रंगीत पडद्यावर पांढरा चेंडू नीट दिसेना, म्हणून 1972 पासून पिवळ्या चेंडूला मान्यता मिळाली. विम्बल्डनने स्वभावानुसार 1986 पर्यंत पांढराच चालवला. कृष्णधवल फितीत चेंडू बहुधा दिसतच नाही. जाणकार प्रेक्षक खेळाडूंच्या खांद्यांवरून तो कुठे असेल ते ओळखतो आणि ‘काय सुरेख लागला!’ असे बरोबर वेळेवर म्हणतो.

रॅकेटचा प्रेस हा येथे विस्ताराने घेणे भाग आहे. नव्या पिढीला ती वस्तू माहीत नाही आणि प्रेक्षकाला तिच्यावर बोलल्यावाचून राहवत नाही. रॅकेट लाकडी होती तोवर तिला ओल आणि ऊन या दोहोंचे भय असे. नागपुरात मे महिन्यात लाकूड तडकते आणि जुलैत फुगते, त्यामुळे येथील रॅकेटला इंग्लंडमधल्या रॅकेटपेक्षा कष्टाचे आयुष्य होते. खेळ संपला की तिचे तोंड लाकडी चौकटीत घालून चार कोपऱ्यांचे चार नट हाताने आवळायचे. नट एकेक करून पूर्ण आवळू नयेत. समोरासमोरचे दोन थोडे, मग उरलेले दोन थोडे, असे फेरे घ्यावेत. एक कोपरा जास्त आवळला गेला तर रॅकेट पापडासारखी वाकते आणि त्यानंतर प्रत्येक फोरहँड शेजारच्या कोर्टात जातो. प्रेक्षकाचे असंख्य फोरहँड शेजारच्या कोर्टात का जात, याचे त्याने दिलेले स्पष्टीकरण हेच आहे. तारा जनावराच्या आतड्याच्या; त्या तातीला पावसाळी हवा लागली की ती ढिली पडे, म्हणून रॅकेट कपाटात, रेनकोटापासून दूर ठेवायची. प्रेसचे इतर उपयोगही होते. जीवशास्त्राच्या वहीसाठी पाने चपटी करायला त्याच्यासारखे साधन नव्हते, आणि घरातल्या मुलीने पिंपळाचे पान घालून ठेवल्यामुळे रॅकेट उघडी राहिल्याची नोंद उपलब्ध आहे. लाकडाचा काळ तसा लवकर संपला. पोलादी रॅकेट कॉनर्सच्या हातात आधीच होती, 1976 मध्ये मोठ्या तोंडाची अॅल्युमिनियमची आली, आणि मॅकेन्रोने 1981 चे विम्बल्डन लाकडाने जिंकले त्यानंतर लाकूड उतरणीलाच लागले. बोर्ग 1991 मध्ये माँटे कार्लोला परतला तो लाकडी रॅकेट घेऊन. पहिल्याच फेरीत होर्डी आरेसेने त्याला सरळ दोन सेटमध्ये घरी पाठवले. सारे जग त्यावर हसले. ही फीत मात्र धरमपेठेत लावली जात नाही. माळ्यावर प्रेसमध्ये आवळून ठेवलेली रॅकेट असलेल्या घरात ती पाहवत नाही, एवढेच कारण असावे.

भारतीय विभाग लहान आहे, पण त्यात प्रेक्षकाचा आवाज चढतो. 1934 मध्ये विम्बल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री लीला राव. तिची आई संस्कृत कवयित्री पंडिता क्षमा राव, आणि आजोबा शंकर पांडुरंग पंडित, म्हणजे 1869 च्या इंदुप्रकाशच्या तुकाराम गाथेच्या कामातले. तुकोबांपासून विम्बल्डनपर्यंत दोन पिढ्यांत पोचलेले घर मराठी आहे, हे सांगताना प्रेक्षक त्यात स्वतःचाही वाटा धरतो. रामनाथन कृष्णन 1960 आणि 1961 असा लागोपाठ विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत गेला. 1966 मध्ये कोलकात्यात ब्राझीलच्या थॉमस कॉखविरुद्ध हरता हरता त्याने सामना फिरवला आणि भारत डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत पोचला. विजय अमृतराजच्या 1981 च्या विम्बल्डनमधल्या सामन्यासाठी वेगळी रीत आहे. विजयने कॉनर्सवर दोन सेटची आघाडी घेतली होती. दुसरा सेट संपताच टीव्ही बंद करावा. या रीतीने तो सामना विजयने धरमपेठेत अनेकदा जिंकलेला आहे.

ज्या सामन्याची फीत कुठेच सापडणार नाही, तो 1974 चा. त्या वर्षी भारताने कोलकात्यात ऑस्ट्रेलियाला 3–2 असे हरवले, मग पुण्यात सोव्हिएत संघाला 3–1 असे, आणि डेव्हिस कपची फायनल दारात आली. समोर दक्षिण आफ्रिका. वर्णभेद पाळणाऱ्या देशाशी खेळायचे नाही असे भारत सरकारने ठरवले आणि कप न खेळताच पलीकडे गेला. विजय आणि आनंद अमृतराज तेव्हा ऐन उमेदीत होते. जिंकण्याची इतकी चांगली संधी भारताला त्याआधी आली नव्हती आणि नंतरही आली नाही. निर्णय योग्य होता. तरीही खेळाडूंच्या वाट्याचे काहीतरी त्यात गेले, आणि ते परत द्यायला आजवर कुणाला जमलेले नाही. इतर सर्व सामन्यांवर बोलणारा प्रेक्षक इथे निकाल सांगू शकत नाही, कारण निकाल नाही. पुण्याची लढत मात्र त्याच्या वयाच्या सर्वांनी प्रत्यक्ष पाहिलेली आहे. तसे असेल तर त्या सप्टेंबरात निम्मी धरमपेठ पुण्यात होती, असे मानावे लागते.

रमेश कृष्णनच्या फितींनी नव्या पिढीशी भांडण होते. नातू मोबाइलमधून मान वर करून विचारतो, ‘आजोबा, हे स्लो मोशन आहे का?’ रमेशची सर्व्हिस पाहता प्रश्न रास्त आहे. पण 1989 च्या जानेवारीत, ऑस्ट्रेलियन ओपनच्या दुसऱ्या फेरीत, त्याच सर्व्हिसच्या भरवशावर त्याने जगात अव्वल असलेल्या मॅट्स विलँडरला सरळ सेटमध्ये काढले. चेंडू जोरात मारायचा नाही, समोरचा जिथून आत्ताच निघाला तिथे ठेवायचा, एवढेच तो करत होता. मनगट, थोडे पाय, आणि चेहऱ्यावर ग्रंथपालाची शांतता. प्रेक्षकाला त्यात आपलाच खेळ दिसतो. वेगाचा अभाव हे एकच साम्य असल्याचे नातवाने दाखवून दिले आहे. ते येथे केवळ पूर्णतेसाठी नोंदवले.

गृहिणीला टेनिस आवडत नाही. अपवाद 1993 च्या विम्बल्डनमधल्या महिलांच्या फायनलचा: ‘ती बाई रडते ती लावा.’ याना नोव्होत्ना तिसऱ्या सेटमध्ये स्टेफी ग्राफविरुद्ध 4–1 ने पुढे आहे, पाचवा गेम एका गुणावर आहे, आणि तिथे तिची डबल फॉल्ट होते. त्यानंतर ती एकही गेम जिंकत नाही. पारितोषिकाच्या वेळी ती केंटच्या डचेसच्या खांद्यावर डोके टेकून हुंदके देते. निकाल ठाऊक असला की प्रेक्षक सुरक्षित राहतो, हा वर मांडलेला सिद्धान्त या ठिकाणी लागू पडत नाही. डबल फॉल्टच्या आधीच गृहिणी ‘नको गं, नीट टाक’ असे पुटपुटते. प्रेक्षकही त्या वेळी भाकीत करीत नाही. तो कूलरचे पाणी बघून येतो. नोव्होत्नाने 1998 मध्ये विम्बल्डन जिंकले, ती फीत लगेच लावावी लागते, त्याशिवाय चहा मिळत नाही.

चहानंतर प्रात्यक्षिक. सहाच्या सुमारास डास आत येऊ लागतात आणि प्रेक्षक डास मारायची बॅट हाती घेतो. पकड कॉन्टिनेंटल, बॅकहँड एकहाती, पाय शक्यतो जागचे हलवायचे नाहीत. डास जाळीला लागून चटका बसला की गुण धरावा; पडद्याला बॅट लागली तर लेट. गुणसंख्या इंग्रजीत मोठ्याने पुकारली जाते, कारण पंचही तोच असतो. बॅटचे चार्जिंग संपले की खेळ अपुऱ्या प्रकाशामुळे थांबवण्यात येतो.