मी मीच आहे, याचा दाखला

शिरूर तालुक्यातल्या कारेगावात भाड्याची खोली मागायला आलेल्या माणसानं स्वतःच्याच सहीची चिठ्ठी पुढं केली, 'मी भला माणूस आहे, हे मीच लिहून देतो', तर घरमालक त्याला चहा पाजेल, खोली देणार नाही. रांजणगावची एमआयडीसी आली, शेतांच्या कडेनं खोल्या उठल्या, चार राज्यांतून माणसं कामाला आली, तेव्हापासून इथल्या मालकांना पक्कं ठाऊक आहे की ओळख दुसऱ्यानं द्यायची असते. आधार आण, कंपनीचं कार्ड आण, गावातलं कुणी ओळखतं का ते सांग. हाच मालक रात्री आपल्या मंगल कार्यालयाच्या वेबसाइटचे दर बदलायला होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल उघडतो. ब्राउझर लाल त्रिकोण नाचवत कनेक्शन खाजगी नसल्याचं सांगतो, आणि दिवसभर माणसं पारखणारा हा गृहस्थ पुढं जायचं बटण शोधून बिनदिक्कत पासवर्ड ठोकतो. त्याचं हे वागणं चुकीचं आहे आणि ब्राउझरची कटकट बरोबर आहे, असं माझं म्हणणं आहे. ब्राउझरची बाजू घेणं फारसं लोकप्रिय नाही, याची कल्पना आहे.

पॅनेलच्या त्या दारावर बहुधा सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट टांगलेलं असतं, म्हणजे सर्व्हरनं स्वतःच स्वतःला दिलेला दाखला. स्वयंसाक्षांकनाला महाराष्ट्र शासनानंच २०१५ साली मान्यता दिली आहे, मग बिचाऱ्या सर्व्हरनं काय घोडं मारलं, असं कुणी म्हणेल. पण आपण झेरॉक्सवर सही करतो तेव्हा घरच्या ट्रंकेत मूळ कागद असतो आणि वेळ आली की तो दाखवावा लागतो. सर्व्हरच्या दाखल्याला मूळ कागदच नाही. झेरॉक्सची झेरॉक्स आणि खाली सही. यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं आहे: 'सर्व्हर आपला, पैसे आपण भरतो, आपल्याला आपलीच ओळख कशाला?' सर्व्हर आपला असेलही, पण समोर आलेलं पान त्याच सर्व्हरचं आहे हे कशावरून? मधल्या वाटेवर लॉजचं फुकट वायफाय असतं, कुणाचा तरी राउटर असतो, आणि तिथं बसलेला माणूस हुबेहूब तसंच लॉगिनचं पान, तसाच स्वतःच्या सहीचा दाखला पुढं करू शकतो. 'पण कुलूप तर लागलेलं असतं ना, मजकूर गुप्तच जातो!' जातो की. चोराशी कानात बोललं तरी ते गुप्तच असतं. क्रोमनं २०२३ मध्ये पत्त्याशेजारचं ते कुलपाचं चिन्ह काढून टाकलं, कारण लोक त्याचा अर्थ 'हा माणूस सज्जन आहे' असा घेत होते.

बरं, दाखला असूनही इशारा येतो, आणि बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. वेबसाइट हिरवीगार, तिचं सर्टिफिकेट नवंकोरं, पण पॅनेल २०८३ किंवा २०८७ या आपल्या वेगळ्या पोर्टवर बसतं आणि त्याचा दाखला वेगळा असतो. दुकानाची पाटी रंगवली म्हणून गोदामाची रंगत नाही. दुसरा घोळ नावाचा. दाखला सर्व्हरच्या पूर्ण होस्टनेमवर काढलेला आणि आपण जातो नुसता आयपी आकडा टाकून. सातबाऱ्यावर दत्तू, आधारवर दत्तात्रय; माणूस एकच, पण अनुदान अडकलं ते अडकलंच. नुसतं 'कारेगाव' म्हणून भागत नाही, परभणीकर तुम्हाला त्यांच्या कारेगाव रोडवर नेऊन सोडतील. तालुका, जिल्हा सगळं सांगावं लागतं, तसंच पूर्ण होस्टनेम टाकावं लागतं. आणि कधी कधी दोष सर्व्हरचा नसतोच: कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी मेलेली असते, कोपऱ्यातलं घड्याळ २००९ दाखवत असतं, आणि अजून जन्मालाच न आलेला दाखला ब्राउझरनं मानावा कसा?

पूर्वी 'एवढ्यासाठी पैसे कोण घालणार?' हा आक्षेप रास्त होता. २०१५ च्या डिसेंबरात लेट्स एन्क्रिप्टनं सर्वांसाठी फुकट दाखले द्यायला सुरुवात केली आणि त्यातली हवा गेली. त्यांची पद्धत तर तलाठ्याच्या स्थळपाहणीसारखी. 'अमुक फाइल तुमच्या सर्व्हरवर अमुक जागी ठेवा' असं सांगतात, मग पोर्ट ८० वरून येऊन स्वतः बघून जातात. फायरवॉलनं ते दार लावून घेतलं असेल तर पाहणी फसते आणि आपण सर्टिफिकेटला शिव्या देत बसतो. तेव्हा होस्टनेम डीएनएसमध्ये सर्व्हरकडे वळवा, दार उघडा, दाखला मिळाला की तो पॅनेलच्या सेवेलाही लावा, सेवा पुन्हा सुरू करा. चहा निवायच्या आत होणारं काम आहे.

सगळ्यात वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे: दाखला देणारेच कुठं धुतल्या तांदळाचे? आणि तो खरा आहे. डिजिनोटार या डच संस्थेत २०११ मध्ये घुसखोरी होऊन गूगलच्या नावाचे खोटे दाखले निघाले, संस्था दिवाळखोरीत गेली. २०१४ च्या जुलैत आपल्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या यंत्रणेतूनही गूगलच्या नावाचे अनधिकृत दाखले निघालेले सापडले. पण म्हणून दाखलेच नकोत म्हणणं म्हणजे एका तलाठ्यानं खोटी नोंद केली म्हणून सातबाराच जाळणं. त्यावर आपल्याकडं जुना उतारा आहे, चावडीवाचन: नोंदी चारचौघांत वाचा, ज्याची हरकत असेल तो उठेल. सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी नावाची उघडी वही हेच करते, आणि त्या वहीत नोंद नसलेला नवा दाखला क्रोम २०१८ पासून मानत नाही. स्वतःच्या सहीच्या दाखल्याचं वाचन मात्र कुठल्याच चावडीवर होत नाही.

तरी माणसं पुढं सरकतातच. २०१३ च्या एका अभ्यासात क्रोममधले असे सुमारे ७० टक्के इशारे लोकांनी ओलांडल्याचं दिसलं. क्रोममध्ये तर इशाऱ्याच्या पानावर 'धिस इज अनसेफ' एवढी इंग्रजी अक्षरं सलग टाइप केली की दार उघडतं. शब्दशः 'हे धोक्याचं आहे' असं लिहून देऊन आत जायचं. एवढं प्रामाणिक प्रतिज्ञापत्र तहसीलमध्येही कुणी केलं नसेल.

शिवाय दाखल्यांचं आयुष्य आता आखडत चाललं आहे. १५ मार्च २०२९ पासून जाहीर सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवस राहणार आहे. पेन्शनर निदान वर्षातून एकदाच, नोव्हेंबरात, हयातीचा दाखला द्यायला जातो. सर्व्हरला दर दीड महिन्यानं आपण जिवंत असल्याचं सांगावं लागेल, आणि त्याची ही फेरी आपोआप लागत नसेल तर ती कारेगावच्या त्या मालकाला स्वतःच मारावी लागेल.