ठोकळा कुणाचा?

ट्रेलरच्या चाकाखाली लावायचा रबरी ठोकळा ही गोदामातली जवळपास सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि नेमकी तीच हवी तेव्हा जागेवर नसते. बंगळुरातल्या राजाजीनगरच्या औद्योगिक वसाहतीत मी माल पाठवण्याचं काम बघतो. हा ठोकळा कधी वाऱ्याने दार आपटू नये म्हणून दाराला टेकवलेला सापडतो, कधी ताडपत्रीच्या कोपऱ्यावर, आणि चहाच्या वेळी त्यावर हमखास कुणीतरी बसलेलं असतं. मागितला की उत्तर येतं, "गाडी निंतिदे सार." गाडी उभी आहे की, मग आणखी काय हवं?

उभी आहे हे मलाही दिसतं. पण तीन टन उचलणारी फोर्कलिफ्ट स्वतःच चार टनांच्या वर भरते. ती पॅलेट घेऊन ट्रेलरमध्ये शिरते, आत जाऊन ब्रेक मारते, आणि तो हिसका ट्रेलरला बसतो. हँडब्रेक लावलेला असला तरी टायर आणि पाटे थोडे थोडे हलतात. फेऱ्या वाढत जातात तशी गोदामाचा धक्का आणि ट्रेलरची फळी यांच्यात फट पडत जाते. आधी बोट जाईल एवढी, मग हात जाईल एवढी. वरून लोखंडी प्लेट टाकलेली असते, त्यामुळे फट कुणाच्या नजरेस पडत नाही. प्लेटची कड सुटली की फोर्कलिफ्टचं चाक सरळ त्या फटीत जातं, आणि वर माणूस बसलेला असतो. गाडीखाली गेलेल्या माणसाबद्दल आपण सगळे हळहळतो. पण ती फट रोज पडते, आणि ती कुणी मोजत नाही.

ड्रायव्हरला ठोकळा लाव म्हटलं की त्याला तो अपमान वाटतो. "हवेचे ब्रेक आहेत," असं तो ऐकवतो. हवेच्या ब्रेकची रचना चांगलीच आहे: टाकीतली हवा गेली तरी आतली स्प्रिंग ब्रेक आवळून धरते. पण लायनर झिजलेलं असेल आणि ब्रेक वेळच्या वेळी ॲडजस्ट केलेले नसतील, तर त्या स्प्रिंगने तरी किती धरावं? ट्रेलर कुठून आला, त्याचे ब्रेक शेवटचे कधी उघडले, हे धक्क्यावरच्या माणसाला कळायला काही मार्ग नाही. म्हणूनच ठोकळा लागतो.

ठोकळा मिळालाच, तर तो चुकीच्या बाजूला लागतो. गाडी मागे घेऊन धक्क्याला लावलेली असते. मागे जायला तिला जागाच नाही, सरकली तर ती पुढेच सरकणार. तरी क्लीनर ठोकळा चाकाच्या मागे, धक्क्याकडच्या बाजूला ठेवतो, कारण तिथे तो वाकून लवकर पोचतो. ठोकळा मिळाला नाही तर वीट आणतात. भरलेल्या ट्रेलरच्या चाकाखाली विटेचा चुरा होतो. गोल दगड लावला तर तो चाकाबरोबर घरंगळतो. आणि हेच दगड बंद पडलेल्या ट्रकखाली लावून, ट्रक सुरू झाल्यावर तिथेच टाकून दिलेले रात्री डॉ. राजकुमार रोडवर स्कूटरवाल्यांच्या वाटेत येतात.

या भागात अडचणी आहेत, हे मान्य. किर्लोस्कर इलेक्ट्रिक १९४६ साली बंगळुरात सुरू झाली, तिच्या इथल्या जुन्या आवाराच्या जागी आज ब्रिगेड गेटवेच्या इमारती आणि ओरायन मॉल आहे. मोठे कारखाने हलले, पण आतल्या गल्ल्यांतल्या जुन्या शेड राहिल्या, आणि त्या लांबलचक ट्रेलरसाठी बांधलेल्या नव्हत्या. दिवसा शहरातल्या बऱ्याच रस्त्यांवर अवजड गाड्यांना बंदी, त्यामुळे ट्रेलर रात्री येतात. ड्रायव्हर पेंगुळलेला असतो, गाडी लावली की केबिनमध्येच आडवा होतो, किल्ली मात्र तशीच लटकत असते. आपल्याकडे गाडी हलवायची खूण म्हणजे बॉडीवर दोन थापा. आत हमालाच्या हातून खोकं निसटून पत्र्यावर आदळलं, तरी झोपेतल्या माणसाला ती थापच वाटू शकते. म्हणून किल्ली धक्क्यावर, खिळ्याला टांगलेली हवी, असं मी म्हणतो. यात ड्रायव्हरवर अविश्वास कसला?

घोडा, म्हणजे ओढणारी पुढची गाडी, सोडवून नुसताच उभा ठेवलेला ट्रेलर हा त्याहून वाईट प्रकार. पुढचा सगळा भार त्याच्या दोन पायांवर असतो. फोर्कलिफ्ट पार पुढच्या टोकापर्यंत गेली की वजन त्या पायांच्याही पुढे जातं आणि ट्रेलर नाकावर कलंडू शकतो. नाकाखाली स्टँड लावला की हा धोका टळतो. अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षेसाठी असलेल्या 'ओशा' या संस्थेच्या नियमांत हे दोन्ही लिहिलेलं आहे, मागच्या चाकांचा ठोकळा आणि सुटलेल्या ट्रेलरचा टेकू. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १२६ सांगतं की ड्रायव्हर जागेवर नसताना गाडी आपोआप हलणार नाही याची तजवीज हवी. पण ते सार्वजनिक जागेपुरतं. गोदी कामगारांसाठी १९८६ साली वेगळा कायदा झाला, तो बंदरांसाठी होता. गोदामाच्या आवारात, रात्री दोन वाजता, काय करायचं ते धक्क्यावरच्या माणसांनीच ठरवायचं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की ठोकळे साखळीने धक्क्याला बांधा, आणि ठोकळा लागलेला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय आत न शिरण्याचा हक्क फोर्कलिफ्टवाल्याला द्या. उशीर झाला तर बोलणी त्याला बसू नयेत. साखळीचा कागद वर गेला, आणि तिथून विचारणा आली की हा खर्च गाड्यांच्या खात्यात टाकायचा की इमारतीच्या. इमारतीच्या टाका. गाड्या रोज बदलतात, ड्रायव्हर बदलतात. धक्का आपला आहे आणि फोर्कलिफ्टवर बसणारा माणूसही आपलाच आहे.